धाव कधी सुरू करायची? रिलेच्या बॅटन-बदलासाठी एक इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ पाठ : प्रकरण अभ्यास

नववीचा वर्ग, पटावर ४० मुलंमुली. शारीरिक शिक्षणाचे आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास. शिक्षक एक, बॅटन सहा, मैदानावर सरळ धावायला मिळणारी जागा ७० मीटर. शिकवायचा आहे ४ × १०० मीटर रिलेतला बॅटन-बदल, म्हणजे पळता पळता, मागे न बघता बॅटन घेणं. हा वर्ग नमुन्यादाखल घेतला आहे. पट, मैदान, साहित्य वेगळं असलं तरी पुढचा हिशेब त्याच पायऱ्यांनी करता येतो.

नेहमीच्या पद्धतीत शिक्षक दहा-बारा मिनिटं बोलतात आणि दोन चपळ मुलांना पुढे बोलावून करून दाखवतात. पुढच्या रांगेला ते दिसतं, मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. मग ओळी लागतात आणि मैदानावर आलटूनपालटून तीन प्रकार सुरू होतात. घेणारा थांबून, मान वळवून, हात लांब करून बॅटन घेतो. नाहीतर घाईने आधीच सुटतो आणि देणारा हात पुढे धरून मागे राहतो. नाहीतर दोघं एकमेकांवर आदळतात. "मागे बघू नकोस" असं कितीही वेळा सांगितलं तरी मूल बघतं, आणि त्यात त्याचं चूक नाही. नेमकं कधी सुटायचं हे त्याला कळलेलंच नाही. न बघता पळण्याइतका भरवसा त्याने कशाच्या जोरावर ठेवावा?

हा क्षण किती महत्त्वाचा आहे ते विक्रमांवरून दिसतं. पुरुषांच्या ४ × १०० रिलेचा जागतिक विक्रम जमैकाच्या नावावर आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधला ३६.८४ सेकंदांचा. चौघांत भागला तर माणशी ९.२१ सेकंद येतात, आणि एकट्याच्या १०० मीटरचा विक्रम आहे ९.५८. पहिला सोडून बाकीचे तिघं बॅटन हातात येईपर्यंत वेगात आलेले असतात, तो हा फरक. उलट २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांकडून प्राथमिक फेरीतच बॅटन पडला. २०२४ च्या पॅरिसमध्ये अंतिम शर्यतीत अमेरिकेच्या पुरुषांचा पहिलाच बदल फसला आणि संघ बाद ठरला. धावण्यात हे कोणी कमी नव्हते.

व्हिडिओ पाठासाठी बॅटन-बदल निवडण्याचं कारणही हेच. या कौशल्यात शरीराइतकंच काम डोळ्यांचं आणि निर्णयाचं आहे, आणि निर्णयाचा सराव पडद्यासमोर होऊ शकतो. गोळाफेकीतली ताकद किंवा ८०० मीटरची दमछाक पडद्यासमोर कमावता येत नाही. तिथे असा पाठ केला तर तो फार तर माहितीपट होतो.

पहिली आवृत्ती हमखास कशी बिघडते

असा पाठ पहिल्यांदा करायला बसलं की बहुधा अकरा-बारा मिनिटांचा व्हिडिओ तयार होतो. सुरुवातीला रिलेचा इतिहास, मग बॅटनची मापं, मग बाजूने घेतलेलं सुंदर चित्रीकरण, आणि मध्ये मध्ये प्रश्न: बॅटनची लांबी किती? रिलेत धावपटू किती? मुलं प्रश्न सोडवतात, गुणही चांगले पडतात, आणि मैदानावर काहीही बदलत नाही. बॅटन २८ ते ३० सेंटीमीटर लांब असतो हे माहीत असल्याने तो हातात येत नाही.

बिघाड दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे प्रश्न पाठांतर तपासतात, निर्णय तपासत नाहीत. दुसरा बिघाड सहज ध्यानात येत नाही: कॅमेरा प्रेक्षकाच्या जागी आहे. बाजूने पाहिलं की देणारा, घेणारा आणि जमिनीवरची खूण (देणारा जिच्यावर पोचला की घेणाऱ्याने सुटायचं ती) एकदम दिसतात. घेणाऱ्याला मैदानावर असं कधीच दिसत नाही. त्याला दिसतो खांद्यावरून मागे वळून पाहिलेला, समोरून अंगावर येणारा एक माणूस. शिकायचं आहे ते त्या दृश्यात. म्हणून पाठाचं मुख्य चित्रीकरण घेणाऱ्याच्या डोळ्यांतून झालं पाहिजे. बाजूचं दृश्य उत्तर समजावण्यापुरतं ठेवावं.

खूण कुठे येते: आधी हा हिशेब

व्हिडिओ काढण्याआधी शिक्षकाने स्वतः हे गणित करून घ्यावं, नाहीतर चुकीच्या अंतरावर खूण मारून चित्रीकरण होतं आणि सगळा पाठच चुकीचं शिकवतो.

४ × १०० मध्ये बदलाचा टप्पा ३० मीटरचा असतो. घेणारा या टप्प्याच्या सुरुवातीच्या रेषेजवळ उभा राहतो. बॅटन साधारण २० मीटरवर बदलला जावा, म्हणजे पुढे १० मीटर हातचे राहतात. सुटायचा इशारा मिळाल्यापासून हे २० मीटर धावायला घेणाऱ्याला ३.७ सेकंद लागतात असं धरू. देणारा सेकंदाला ७ मीटर वेगाने येत असेल तर तेवढ्या वेळात तो २५.९ मीटर येतो. बदलाच्या वेळी दोघांच्या हातांची लांबी मिळून मध्ये एक मीटर अंतर राहतं, म्हणजे देणाऱ्याला १९ मीटरपर्यंतच पोचायचं आहे. २५.९ उणे १९, ६.९ मीटर. घेणाऱ्याच्या मागे एवढ्या अंतरावर खूण. बूट २६ सेंटीमीटरचा असेल तर टाचेला चवडा लावून सुमारे २६ पावलं. देणाऱ्याचा पाय या खुणेवर आला की घेणारा सुटतो.

आता देणारा दमलेला आहे आणि वेग १० टक्क्यांनी घटून ६.३ वर आला असं धरा. ३.७ सेकंदांत तो २३.३ मीटर येईल, म्हणजे खूण ४.३ मीटरवर हवी. वेगात दहाव्या हिश्श्याचा फरक आणि खुणेत जवळजवळ १० पावलांचा! सरावात २५ मीटर पळत येऊन बसवलेली खूण शर्यतीत १०० मीटर धावून आल्यावर फसते ती यामुळेच. देणारा मागे राहतो आणि मुलं एकमेकांना दोष देतात.

स्पर्धेच्या नियमांत खुणेसाठी स्वतःच्या लेनमध्ये चिकटपट्टीचा जास्तीत जास्त ५ × ४० सेंटीमीटरचा एक तुकडा चालतो. शाळेच्या मातीवर फक्कीची आडवी रेघ पुरते, पण ती ४० सेंटीमीटरपेक्षा आखूड नको. समोरून बघताना आखूड रेघ दिसतच नाही.

चित्रीकरण

तिपाईवर फोन, घेणारा उभा राहतो त्या जागी, लेनच्या कडेला अर्धा मीटर बाहेर, जमिनीपासून १.२ ते १.४ मीटर उंच, तोंड येणाऱ्या धावपटूकडे. फोनची साधी लेन्स वापरावी. जास्त रुंद दाखवणारी लेन्स लावली तर धावपटू बराच वेळ लांब वाटतो आणि मग एकदम अंगावर येतो. मुलांचा अंदाज त्या खोट्या अंतरावर बसतो आणि मैदानावर त्यांची सुटायची वेळ चुकते.

वेगाचा हिशेब इथेही लागतो. सेकंदाला ३० चित्रं घेतली तर ७ मीटर वेगाचा धावपटू दोन चित्रांमध्ये २३ सेंटीमीटर सरकतो. खुणेवर पाय पडल्याचं चित्र कदाचित सापडणारच नाही. १२० चित्रं घेतली तर ६ सेंटीमीटर, ते चालतं. शटरही (एक चित्र टिपायला लागणारा वेळ) बघावं: १/५० सेकंदाला पाय १४ सेंटीमीटर पुसट होतो, १/१००० ला ७ मिलिमीटर. भर उन्हात शटर आपोआप जलद राहतं. ढगाळ हवेत किंवा सभागृहात ते हाताने लावावं लागतं.

समोरून तीन धावा घ्याव्यात. एक वेगवान धावपटू, एक मध्यम, एक आधी ८० मीटर पळवून दमवलेला. तिघांसाठी खूण एकाच जागी ठेवावी. घेणाऱ्याला शिकायचं ते असं की समोरचा कसाही येवो, आपण खुणेवर सुटायचं. "आता जवळ आला" या भीतीवर सुटायचं नाही. दमलेल्या धावपटूच्या धावेत खुणेवर सुटूनही बॅटन पोचत नाही, हे बाजूच्या कॅमेऱ्यात पकडून ठेवावं. पुढे एका प्रश्नाला ते उपयोगी पडतं.

त्याशिवाय बाजूने तीन तुकडे: एक नीट झालेला बदल, एक आधी सुटल्याने फसलेला आणि एक उशिरा सुटल्याने आदळलेल्या जोडीचा. आणि हाताचा जवळून एक तुकडा. बॅटन देण्याच्या तीन पद्धती आहेत: खालून वर, वरून खाली, आणि समोर ढकलून. पाठात एकच दाखवावी. नवशिक्यांना खालून वर देणं सोपं जातं, कारण घेणाऱ्याचा हात कमरेजवळ नैसर्गिक उंचीवर राहतो: तळवा मागे, अंगठा आणि बोटांमधली बेचकी खाली. तिचा दोष असा की प्रत्येक बदलात पकड पुढे सरकते आणि चौथ्याच्या हातात बॅटनचं टोकच उरतं. म्हणून घेताना आपला हात देणाऱ्याच्या हाताला टेकेपर्यंत आत जाऊ द्यायचा. जवळच्या दृश्यात हे दिसलं पाहिजे.

वर्गातल्या मुलांचं चित्रीकरण करायचं तर पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि फसलेल्या बदलाचा तुकडा वर्गातल्या मुलांचा मुळीच नसावा. तो वरच्या इयत्तेतल्या दोघांनी ठरवून केलेला अभिनय असला तरी चालतो. वर्षभर चिडवायला एक व्हिडिओ पुरतो.

थांबे

संपादन झाल्यावर व्हिडिओ ४ मिनिटं ४० सेकंदांचा. प्रश्न धरून मुलाचे साधारण ९ मिनिटं जातात. थांबे पाचच. कळीचा आहे दुसरा, म्हणून बाकीचे आटोपते घेऊ.

पहिला थांबा ४० व्या सेकंदाला. घेणारा उभा राहिलेला दाखवून विचारायचं, नजर कशावर? देणाऱ्याच्या तोंडावर, त्याच्या हातातल्या बॅटनवर, की खुणेवर आणि त्याच्या पायांवर. बहुतेक मुलं बॅटनवर बोट ठेवतात, आणि चुकीचं उत्तर येणं इथे फायद्याचं आहे. चुकल्यावर तोच तुकडा खुणेभोवती गोल आखून पुन्हा दाखवायचा.

दुसरा थांबा कधी सुटायचं याचा. यात एक पेच आहे. व्हिडिओ नेमक्या क्षणी थांबवून "आता सुटायचं का?" असं विचारलं तर थांबणंच उत्तर सांगून टाकतं. शिवाय चित्र गोठलं की वेळेचा अंदाज घ्यायचं कामच उरत नाही, आणि तेच तर शिकायचं होतं. म्हणून इथे व्हिडिओ थांबवायचा नाही. पडद्यावर आधी सूचना: उभे राहा, घेणाऱ्याच्या पवित्र्यात या, सुटायचा क्षण आला की टाळी वाजवा. मग समोरून येणारा धावपटू, न थांबता. लगेच तोच तुकडा पुन्हा, पण या वेळी खुणेवर पाय पडताच पडद्याची चौकट पांढरी चमकते. आता मूल स्वतःची टाळी ताडून बघतं, आणि मग थांबा येतो: टाळी चमकीच्या आधी, बरोबर, की नंतर? याला गुण नाहीत. "आधी" म्हणणाऱ्याला व्हिडिओ आधी सुटल्याने फसलेल्या बदलाकडे नेतो, "नंतर" म्हणणाऱ्याला आदळणाऱ्या जोडीकडे, "बरोबर" म्हणणारा पुढे जातो. तिन्ही धावपटूंसाठी हेच तीनदा.

खुणेच्या क्षणासाठी आवाजापेक्षा चमक बरी. काही बिनतारी हेडफोनमध्ये आवाज चित्राच्या मागे रेंगाळतो. सेकंदाचा पाचवा हिस्सा मागे पडला तरी ७ मीटर वेगाचा माणूस १.४ मीटर पुढे गेलेला असतो. ज्या कौशल्यात एवढ्यावर जमणं-फसणं ठरतं तिथे ही चूक परवडत नाही. तसंच व्हिडिओचा वेग वाढवायचं बटण बंद करता येत असेल तर करावं. येत नसेल तर पहिल्याच पाटीवर लिहावं की वेग वाढवला तर टाळीचा काही उपयोग नाही.

तिसरा थांबा हाताचा: देणाऱ्याने "घे!" म्हटल्यावर हात मागे जातो, त्याआधी नाही. सुरुवातीपासूनच हात मागे धरून पळणाऱ्याचा वेग पडतो. हाक आणि हात यांत एका पावलाचं अंतर हवं. चौथा थांबा गोठवलेल्या चित्राचा. घेणाऱ्याचे दोन्ही पाय टप्प्याबाहेर गेलेत, बॅटन मात्र अजून आत आहे आणि तो पूर्णपणे त्याच्याच हातात आलाय. बदल वैध आहे का? आहे. नियम बॅटन कुठे आहे ते बघतो, पाय नाही. हा प्रश्न मुलांना फार आवडतो, वादही घालतात, घालू द्यावा.

पाचवा थांबा निदानाचा. दमलेल्या धावपटूची धाव बाजूने दाखवायची: घेणारा बरोबर खुणेवर सुटला, तरी बॅटन पोचला नाही. आता काय बदलाल? घेणाऱ्याला उशिरा सुटायला सांगाल, देणाऱ्याला जोरात पळायला सांगाल, की खूण घेणाऱ्याच्या जवळ आणाल? तिसरं उत्तर बरोबर, आणि मैदानावरचा पुढचा सगळा सराव या एका उत्तरावर उभा आहे.

जुळणीतल्या बारीक खोडी

असे पाठ बांधायला एचफाइव्हपी (H5P) हे मोफत, खुल्या परवान्याचं साधन बरंच वापरलं जातं. ऑनलाइन शिकवण्याच्या मूडलसारख्या प्रणालीत ते बसतं. साधन कोणतंही असो, चुका त्याच त्या होतात.

प्रश्न लावताना "व्हिडिओ थांबवा" ही खूण केली नाही तर प्रश्न दोन सेकंद दिसून निघून जातो आणि मुलाला वाटतं, काही तरी जाहिरात होती. चुकल्यावर मागे नेण्याची सोय एचफाइव्हपीत आहे, पण नेण्याची वेळ प्रश्नाच्या बरीच आधीची ठेवावी. दोनच सेकंद मागे नेलं तर मूल त्याच चक्रात अडकून बसतं. "पूर्ण गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही" ही अट टाळीच्या थांब्याला लावू नये. लावली की खरं उत्तर देणारं मूल अडकतं आणि "बरोबर" दाबून पुढे जायला शिकतं. पुढे ढकलायची सोय बंद ठेवावी, मागे जायची खुली. शेवटच्या प्रश्नानंतर तीनेक सेकंद काळा पडदा ठेवावा. अगदी टोकाला लावलेला प्रश्न उघडलाच नाही असं होऊ शकतं. प्रश्न बटण दाबल्यावर उघडणारा ठेवावा, कारण चित्रावर चिकटवलेला लांब मजकूर छोट्या फोनवर मावत नाही.

फाईल एच.२६४ पद्धतीच्या एमपी४ मध्ये असावी. नव्या फोनची एच.२६५ फाईल काही ब्राउझरमध्ये नुसता आवाज ऐकवते. संथगतीत काढलेले तुकडे सेकंदाला ३० चित्रांच्या सलग फाईलमध्ये आणून घ्यावेत, आणि समोरून येणाऱ्या धावा खऱ्याच वेगात ठेवाव्यात. संथ गती फक्त उत्तर समजावताना. मुख्य चित्रं (की-फ्रेम, म्हणजे व्हिडिओ जिथून पुन्हा सुरू करता येतो ती पूर्ण चित्रं) दर सेकंदाला एक अशी ठेवली तर मागे नेताना व्हिडिओ भलतीकडे उतरत नाही. ७२० रेषांचा व्हिडिओ सेकंदाला २ मेगाबिट दराने केला तर २८० सेकंदांचे ७० मेगाबाइट होतात. ४० मुलांनी पाहिला तर २.८ गिगाबाइट. शाळेच्या इंटरनेटवर सगळ्यांनी एकाच वेळी उघडला तर कोणालाच दिसणार नाही.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी वेगळा पाठ करायची गरज नाही. वर्गात प्रोजेक्टरवर एकदा लावायचा. टाळीचा थांबा तर सगळ्यांनी मिळून केला तर जास्तच रंगतो. चाळीस टाळ्या कशा विखुरतात ते कानांनी कळतं आणि तिसऱ्या धावेपर्यंत त्या एकवटत येतात. बाकी प्रश्नांना बोटांनी उत्तर, एक-दोन-तीन, छातीशी धरून, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. मैदानावर मात्र फोन आणायचा नाही. उन्हात पडदा दिसत नाही, आणि अंग गरम केल्यावर नऊ मिनिटं उभं राहिलं तर ते थंड होतं. पाठ आदल्या दिवशीच बघून यायचा.

मैदानावरचे ४० मिनिटं

सहा ओळी, प्रत्येकीत सहा किंवा सात जण. बॅटन सहाच असले तरी ओळीला एक पुरतो, पण सुरुवातीच्या सरावाला चौघांच्या रांगेला एक हवा. बाहेरून ४० मिलिमीटर जाडीच्या तीन मीटर प्लास्टिकच्या नळीतून २९ सेंटीमीटरचे दहा तुकडे निघतात. कडा घासून घ्याव्यात. नियमातला बॅटनही गुळगुळीत, पोकळ, ४० मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा आणि किमान ५० ग्रॅम वजनाचा असतो, त्यामुळे हातात फारसा फरक पडत नाही.

पहिली सहा मिनिटं अंग गरम करण्याची. मग दोन मिनिटं उजळणी, पण शिक्षकाने बोलायचं नाही. एक धावपटू लेनमधून पळत येतो आणि सगळे टाळी वाजवतात. व्हिडिओ किती उतरला ते तिथेच ऐकू येतं. पुढची सात मिनिटं चालत आणि मग हळू पळत, चौघांच्या रांगेत बॅटन पुढे सरकवणं: उजवा, डावा, उजवा, डावा. पहिला आणि तिसरा वळणावर पळतात, उजव्या हातात बॅटन असला की त्यांना लेनच्या आतल्या कडेला चिकटून पळता येतं.

मग अठरा मिनिटं खुणेची. प्रत्येक ओळीत एक जोडी पळते, दुसरी जोडी बघते, बाकीचे परत चालत येत असतात. बघणाऱ्यांचं काम ठरलेलं: एकाने घेणाऱ्याचा पहिला पाय उचलला तेव्हा देणारा कुठे होता ते बघायचं, दुसऱ्याने बॅटन कुठे बदलला तिथे दगड ठेवायचा. दोन निरीक्षणांवरून निदान होतं. खुणेआधीच सुटला असेल तर खुणेला हात लावायचा नाही, पुन्हा पळायचं. बरोबर सुटला आणि बॅटन पोचला नाही किंवा २५ मीटरच्या पुढे बदलला, तर खूण दोन पावलं घेणाऱ्याकडे. बरोबर सुटला आणि १२-१५ मीटरवरच गाठला गेला, तर खूण दोन पावलं लांब. एखादा दर वेळी जरा उशिरा सुटतो, त्याचा प्रतिसादच तसा आहे. त्याला "लवकर सूट" म्हणण्यापेक्षा खूण मागे न्यावी. लवकर सूट म्हटलं की मूल खूण सोडून परत अंदाजावर येतं, आणि व्हिडिओने जे बसवलं ते शिक्षकाच्याच तोंडून मोडतं.

एका ओळीजवळ २० सेकंद उशिराने चित्र दाखवणारं ॲप टॅबलेटवर लावून तो सावलीत ठेवता येतो. परत येणाऱ्या जोडीला आपलाच बदल दिसतो. पण दर धावेनंतर नको, तिसऱ्या-चौथ्याला एकदा. प्रत्येक वेळी बाहेरून उत्तर मिळालं की मूल स्वतःच्या पायांचं, हाताचं ऐकणं सोडतं. हालचालींच्या शिक्षणावरच्या अभ्यासात हा परिणाम १९८० च्या दशकापासून परिचित आहे.

शेवटची सात मिनिटं मोजणीची आणि अंग सैल करण्याची. मोजायचं ते बॅटनला ३० मीटरचा टप्पा ओलांडायला किती वेळ लागला. बॅटन आत शिरताना घड्याळ सुरू, बाहेर पडताना बंद. हाताने दाबलेल्या घड्याळात एक-दोन दशांशांची चूक सहज होते, म्हणून शक्य असेल तिथे बाजूने सेकंदाला ६० चित्रांचा व्हिडिओ घेऊन चित्रं मोजावीत; एक चित्र म्हणजे ०.०१७ सेकंद. जोडीची तुलना तिच्या स्वतःच्याच मागच्या आकड्याशी, दुसऱ्या जोडीशी नाही. हळू धावणारी पण खुणेवर सुटणारी जोडी इथे पुढे सरकताना दिसते, आणि नेहमी मागे राहणाऱ्या मुलांना हा आकडा आपला वाटतो.

व्हिडिओतल्या प्रश्नांचे गुण परीक्षेच्या गुणांत धरू नयेत. ते फक्त गट पाडायला वापरावेत. टाळीच्या थांब्याला "आधी" म्हणणारी दोन मुलं एकाच जोडीत येऊ द्यायची नाहीत. दोघंही घाई करतात आणि एकमेकांची चूक त्यांना दिसत नाही. "आधी" असलेल्याला निवांत धावणारा जोडीदार द्यावा.

तरीही काय उरतं

मान वळवणं पहिल्या तासात पूर्ण जात नाही. व्हिडिओ पाहिलेलं मूलही "घे!" ऐकल्यावर अर्धं वळतं. उपाय मैदानावरचाच आहे: देणारा हाक देतो, घेणारा हात मागे करून सरळ पळत राहतो, आणि बॅटन देण्याचं सगळं काम देणाऱ्याचं. पाचेक वेळा बॅटन आपोआप हातात आला की मान थांबते. बॅटन पडला तर तो ज्याच्याकडून पडला त्यानेच उचलायचा, आणि बॅटन देऊन झाल्यावर देणाऱ्याने आपल्याच लेनमध्ये राहायचं. दुसरी गोष्ट नियमापेक्षा अपघात टाळण्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, कारण सहा ओळी शेजारी पळत असतात.

दुसऱ्या तासाला व्हिडिओ पुन्हा दाखवायचा नाही. त्या तासाला देणाऱ्याने आधी ७० मीटर पळून यायचं, थोडं थांबून मग खुणेच्या धावेला लागायचं, म्हणजे पाय दमलेले असतील. पहिल्या तासाच्या खुणा तिथे फसतात. पाचव्या थांब्याचं उत्तर मुलांच्या लक्षात असेल तर ती कोणी न सांगता खाली वाकून फक्कीची रेघ पुसतात आणि पावलं मोजत नवी मारतात.